बर्फावरच्या तंबूत हीटर पुन्हापुन्हा बंद पडतो? आधी तंबू तपासा, मग हीटर

गेल्या तीन हिवाळ्यांत मला एकच फोन निदान आठ-दहा वेळा आला असेल. इथे पुण्यात सकाळचे साडेनऊ, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची असते, आणि तिकडे मिनेसोटात रात्रीचे दहा. भाचा मित्रांबरोबर गोठलेल्या तळ्यावर तंबू ठोकून मासे पकडायला बसलेला असतो. बाहेर उणे पंचवीस. "मावशी, परत बंद पडला गं."

बंद पडतो तो गॅसचा हीटर. भोसरीतल्या एका हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात भट्ट्यांच्या देखभालीत माझी सव्वीस वर्षं गेली, त्यामुळे नात्यागोत्यात कुणाचाही बर्नर रुसला की फोन मलाच. त्यात आमच्या सोसायटीतली पोरं जानेवारीत लडाखला चादर ट्रेकला, म्हणजे गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालायला, जायला लागली. परत आली की त्यांचंही तेच रडगाणं: हीटर टिकत नाही, सकाळी तंबू आतून ओलाचिंब, डोकं ठणकतं. प्रत्येकाला जिन्यात उभं राहून उत्तर देऊन कंटाळले, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

शेवटपर्यंत वाचायचा धीर सगळ्यांना नसतो, म्हणून महत्त्वाचं आधीच सांगते. जळणारी कुठलीही गोष्ट चालू ठेवून तंबूत झोपायचं नाही. हीटर नाही, स्टोव्ह नाही, कोळशाची शेगडी तर नाहीच नाही. खाली जे लिहिलंय ते कपडे बदलायच्या, जेवायच्या, गप्पा मारायच्या जागेपणीच्या दोन-तीन तासांसाठी आहे.

बंद पडतो तेव्हा आत काय होतं

तंबूत वापरायला म्हणून जे प्रोपेनचे हीटर मिळतात, त्यात एक छोटी पायलटची ज्योत असते. तिच्या टोकाशी थर्मोकपल असतं, म्हणजे दोन वेगळ्या धातूंचा सांधा असलेली काडी. ज्योतीने ती तापली की काही मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि तेवढ्याशा विजेवर गॅसची झडप उघडी राहते. हवेत ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या आसपास असतो. तो १८ टक्क्यांकडे उतरायला लागला की पायलटची ज्योत लांबट, लुळी होते आणि काडीवरून उचलली जाते. काडी गार झाली, वीज गेली, झडप पडली. म्हणजे तुम्ही ज्याला बिघाड म्हणता, ते त्या हीटरने अगदी चोख बजावलेलं काम असतं.

म्हणून भाच्याला मी पहिली गोष्ट करायला लावली ती हीटरला हात न लावायची. तंबूची चेन पूर्ण उघड, पाच मिनिटं तसाच बस, मग पेटव. कुरकुरला, पण केलं. हीटर पहिल्या फटक्यात पेटला, आणि पाऊण-एक तासाने पुन्हा गेला. नेमका पाऊण तास, हे मला महत्त्वाचं वाटलं. त्याचा तंबू सहा फूट बाय सहा फूट, उंचीही तेवढीच, म्हणजे साधारण सहा घनमीटर हवा. हीटर मंद आचेवर ठेवला तरी तासाला ८५-९० ग्रॅम गॅस जाळतो, आणि तेवढ्याला जवळजवळ पाव घनमीटर ऑक्सिजन लागतो. तंबू सगळीकडून बंद असेल तर २१ वरून १८ वर यायला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं पुरतात. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब केला तेव्हा घड्याळाशी इतका जुळला की मला हसूच आलं.

"पण मी वरची खिडकी उघडी ठेवलीय!" हे त्याचं उत्तर. म्हटलं, कॅमेरा वर धर. खिडकी उघडीच होती, पण तिच्या जाळीवर खवलेल्या नारळासारखा पांढराशुभ्र थर बसलेला. एक किलो प्रोपेन जळलं की सव्वा-दीड नाही, चांगलं एक किलो सहाशे ग्रॅम पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. मंद आचेवरही तासाला सव्वाशे-दीडशे मिली, शिवाय तीन माणसांचे श्वास वेगळे. ही वाफ वर जाते, जाळीच्या गार धाग्यांवर गोठते आणि हळूहळू खिडकी बुजवून टाकते. खालच्या बाजूला तर आमच्या या शिस्तीच्या बाळाने तंबूच्या झालरीवर चहूबाजूंनी बर्फाचा बांध घालून फट म्हणून ठेवली नव्हती. वारा येतो ना!

यावर उपाय फुकटचा आहे. खाली एका कोपऱ्यात तो बांध वीतभर फोडायचा, वर समोरच्या बाजूची खिडकी उघडी ठेवायची आणि दर अर्ध्या तासाने जाळीला टिचकी मारून बर्फ झाडायचा. वरखाली दोन्हीकडे तोंड हवं. नुसती वरची खिडकी म्हणजे एका बाजूने झाकण न उघडलेला बंब. किती मोकळी जागा हवी हे हीटरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. तेवढी तर हवीच, वर थोडी जास्त. गार वारा आत येतो अशी तक्रार होते. येऊ दे. तंबूत बनियनवर बसायचं नसून जाकीट काढता आलं म्हणजे पुरे.

तरीही बंद पडला

दुसऱ्या हिवाळ्यात हवेचा प्रश्न मिटलेला होता आणि हीटर तरी जायचा. या वेळी वीस मिनिटांतच. पुन्हा व्हिडिओ. हीटर थेट बर्फावर ठेवलेला, त्याच्या बुडाखाली ताटलीएवढं डबकं झालेलं आणि हीटर एका अंगाला किंचित कललेला, बाहुलीने मान वाकडी करावी तसा. या हीटरना कलंडले की बंद होणारा स्विच असतो. बर्फ वितळला, पाय खचला, स्विच पडला. खाली पाटाएवढा प्लायवूडचा तुकडा आणि त्याच्याखाली फोम, एवढ्यावर काम झालं. पुण्यात असता तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून कापून उरलेला तुकडा आणून दिला असता. तिकडे त्याने जुन्या कपाटाचं दार कापलं.

तिसरा दोष खरोखरच हीटरचा होता, आणि तो मला बघताक्षणी ओळखता आला याचा थोडा अभिमान आहे. छोटे डबे परवडत नाहीत म्हणून त्याने मोठं सिलिंडर तंबूबाहेर ठेवून रबरी नळीने गॅस आत घेतला. कल्पना चांगली. पण काही नळ्यांच्या आतून तेलकट अंश सुटतो, तो गॅसबरोबर जाऊन पायलटच्या जेटमध्ये, म्हणजे गॅस सुटतो त्या बारीक भोकात, बसतो. पायलट पिवळट, मरतुकडी दिसते आणि थर्मोकपलपर्यंत पोचत नाही. नळी आणि हीटरच्या मध्ये फिल्टर बसवायचा, नळी त्या कामासाठीच बनवलेली घ्यायची. आधी बसलेली घाण हीटर पूर्ण गार असताना, गॅस काढून, हवेच्या फुंकरीने उडवायची. जेटमध्ये टाचणी घालायची नाही! आमच्याकडे नवीन आलेला प्रत्येक अॅप्रेंटिस हे एकदा करायचाच. भोक केसभर मोठं झालं की गॅस जास्त, हवा कमी, ज्योत पिवळी. आणि पिवळी ज्योत म्हणजे काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड. हीटरच्या तोंडावरची सिरॅमिकची पाटी लालबुंद दिसते ते ठीक आहे. मी बोलतेय ती पायलटच्या आणि उघड्या बर्नरच्या ज्योतीबद्दल. ती निळी आणि ताठ हवी.

लडाखची गोष्ट वेगळी

सोसायटीतल्या पोरांना मी आधी हेच सगळं सांगितलं आणि चुकले. त्यांच्या तंबूला हवा भरपूर होती, हीटर सपाट होता, जेट साफ होतं, तरी पाच मिनिटांत बंद. मग ट्यूब पेटली. मिनेसोटा जवळजवळ सगळं आपल्या पुण्यापेक्षाही कमी उंचीवर आहे. लेह ३,५०० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी. ऑक्सिजन २१ टक्केच, पण हवाच विरळ, त्यामुळे पायलटची ज्योत सुरुवातीपासूनच लुळी. अशा हीटरच्या पुस्तिकेत सहसा लिहिलेलंच असतं की ७,००० फुटांच्या वर, म्हणजे २,१०० मीटरच्या वर, तो आपोआप बंद होऊ शकतो.

याला दुरुस्ती नाही. त्यांच्यातल्या एका हुशाराने व्हिडिओ बघून थर्मोकपलला बगल द्यायची तयारी केली होती, वायरही बरोबर घेतली होती. त्याला मी जिन्यात जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ज्या उंचीवर ज्योत आधीच अर्धवट जळतेय, तिथे एकमेव पहारेकरी झोपवायचा?

गॅसचंही तसंच. स्वस्तातले लांबट डबे बहुतेक नुसत्या ब्यूटेनचे असतात, आणि ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं. त्याखाली ते डब्यात पाण्यासारखं पडून राहतं, वर येतच नाही. उंचावर दाब कमी असल्याने थोडी सवलत मिळते, पण उणे वीसला ती पुरत नाही. आयसोब्यूटेन उणे बारापर्यंत, प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत. म्हणून मिश्रणाचा डबा घ्यायचा, आणि तोही अर्धा झाला की दम का सोडतो ते कळलं पाहिजे: प्रोपेन आधी उडून जातं, मागे जड ब्यूटेन उरतं. रात्री डबा झोपायच्या बॅगेत पायाशी ठेवा, वापरताना थाळीत कोमट पाणी घालून त्यात उभा करा. ज्योतीवर शेकायचा विचारही नको. आणि हे डबे विमानात चालत नाहीत, ना हातातल्या बॅगेत ना पोटात; लेहच्या बाजारातच घ्यावे लागतात. स्टोव्हची खटक्याची ठिणगी उंचावर दगा देते, खिशात उबेला ठेवलेला लायटर आणि काडेपेटी दोन्ही असू द्या.

डोकं दुखतंय ते उंचीनं की धुरानं?

खरं तर हा सगळा खटाटोप मी या एका प्रश्नासाठी लिहायला घेतला.

बाथरूममधल्या गॅस गीझरने माणूस गेल्याची बातमी पुणेकरांना नवी नाही. खिडकी बंद, एग्झॉस्ट बंद, आंघोळीला गेलेला माणूस बाहेर आलाच नाही. तंबू म्हणजे त्याहून लहान बाथरूम. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. लक्षणं कोणती? डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, गळून गेल्यासारखं वाटणं. आता उंचीच्या आजाराची लक्षणं लिहा. तीच यादी!

आमच्या पोरांच्या एका तंबूत तिघं होते. रात्री जेवण आतच गरम केलं, हीटर चालत नाही म्हणून स्टोव्हच तासभर जळत ठेवला. सकाळी तिघांचीही डोकी फुटायला आलेली. उंचीमुळे होतंय म्हणून डायमॉक्स, उंचीच्या आजारावरची गोळी, घेतली. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा बाकीच्या तंबूंतल्यांसारखाच, म्हणून निश्चिंत. इथेच फसगत आहे. आपण कोविडमध्ये घेतलेला तो चिमटा मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनवालं हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही. रक्तात विष असतानाही तो छान आकडा दाखवतो.

मी त्यांना विचारलं ते एवढंच. एकाच तंबूतल्या सगळ्यांना एकाच वेळी झालं का? शेजारच्या तंबूत, त्याच उंचीवर, लोक बरे होते का? बाहेर चालायला लागल्यावर वर चढूनही हळूहळू उतरलं आणि रात्री तंबूत परत आलं का? तिन्हीला हो. उंचीचा आजार असा तंबू बघून येत नाही. अर्थात डोंगरात बसून निदान करत राहायचं नाही. शंका आली की बर्नर बंद, सगळे बाहेर, ऑक्सिजन असेल तर लावायचा आणि डॉक्टरकडे जायचं. साध्या हवेत रक्तातला निम्मा मोनॉक्साइड जायलाच चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तोच दीड तासाच्या आत. कुणी बरळायला लागला, उठवत नाही असं झालं, तर उंची की धूर हा वाद नंतर घाला.

एका काकांनी मला ऐकवलं, आमच्या आज्या-पणज्या बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवायच्या, कोण मेलं? काका, त्या घराला कौलं होती, कौलांना फटी होत्या, आणि दाराशी सतत कुणीतरी ये-जा करायचं. तुमच्या तंबूचं कापड पाणीसुद्धा आत येऊ देत नाही. शिवाय विझत आलेला, वर राख धरलेला निखाराही भरपूर मोनॉक्साइड सोडत राहतो. धूर दिसत नाही, म्हणून माणूस निर्धास्त झोपतो.

मग रात्र काढायची कशी

झोपायच्या अर्धा तास आधी हीटर बंद. त्याआधी पंचाने तंबूच्या भिंती आतून पुसून घ्या आणि तो बाहेर पिळा. हीटरने केलेलं पाणी तुम्ही झोपलात की गोठणार आणि सकाळी उन्हाबरोबर तुमच्याच अंगावर पडणार. सकाळच्या ओलसर बॅगेचं सगळं गुपित एवढंच.

एक लिटर उकळतं पाणी बाटलीत भरून, पायमोज्यात घालून मांड्यांमध्ये धरा. लेहला पाणी ८८ अंशांनाच उकळतं, तरी तीस अंशांवर येईपर्यंत ती बाटली सुमारे ७० वॅट-तास ऊब देते. वीस हजारांची पॉवर बँक म्हणतात तिच्यात ७४ वॅट-तास असतात. एवढी ऊब एका लिटर पाण्यात, ना तारेची भानगड, ना धुराची. दोन बाटल्या म्हणजे श्रीमंती. झाकण गळत नाही ना, हे मात्र घरीच उलटी करून बघा.

अंगाखालची मॅट बॅगेइतकीच महत्त्वाची, आणि लोक नेमकी तिथेच काटकसर करतात. बर्फ खालून ऊब ओढत राहतो आणि अंगाखाली दबलेली बॅगेतली पिसं कामाची नसतात. मॅटच्या आर-व्हॅल्यूची, म्हणजे ती ऊब किती अडवते त्या आकड्याची, बेरीज होते, तेव्हा फुगवायच्या मॅटखाली साधी फोमची घडी घाला. बॅगेवरचा ‘एक्स्ट्रीम’ आकडा म्हणजे जीव वाचेल एवढंच. झोप लागायला ‘कम्फर्ट’चा आकडा बघायचा. झोपताना चिक्की किंवा तुपाचा लाडू खाऊन, लघवीला जाऊन मगच आत शिरा.

गाडीने जाणाऱ्यांसाठी डिझेलचा पार्किंग हीटर हा त्यातल्या त्यात शहाणा पर्याय, कारण जळण वेगळ्या बंद खोक्यात होतं आणि आत फक्त गरम हवा येते. पण तो ठेवायचा तंबूबाहेर, धुराची नळी वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला, आणि उंचावर तो विरळ हवेमुळे काजळी धरतो, तेव्हा डिझेल कमी सोडायची सोय असलेलाच घ्या. पुण्यात भरलेलं डिझेल तिथे मेणासारखं थिजतं. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं ते याच कारणासाठी, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं.

आणि ज्यावर तंबू आहे तो बर्फ! नुसतं चालायलाही स्वच्छ, काचेसारखा चार इंच बर्फ हवा, असं मिनेसोटाचं सरकारी खातं सांगतं; पांढरा, बुडबुड्यांचा बर्फ असेल तर दुप्पट धरा. तंबू, सामान आणि चार माणसं एका जागी बसणार असतील तर बरंच जास्त. चादरवर मुक्काम काठावरच्या जमिनीवर किंवा गुहेत असतो, तिथे हा प्रश्न सहसा येत नाही.

मोनॉक्साइडचा अलार्म भाच्याला मीच घ्यायला लावला. आकडा दाखवणारा घ्या. युरोपच्या मानकाप्रमाणे ५० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग मोनॉक्साइड असताना, तो तास-दीड तासाने वाजतो, म्हणजे गप्प आहे याचा अर्थ शून्य आहे असा होत नाही. कडाक्याच्या थंडीत त्याचा सेन्सर आणि साधे सेल दोन्ही मंदावतात, म्हणून लिथियमचे सेल घालायचे, दिवसा जाकिटाच्या आत ठेवायचा आणि रात्री डोक्याच्या उंचीवर टांगायचा.

या जानेवारीत तो वाजला. साडेनऊचा फोन: "मावशी, हीटर बंद आहे, तरी अलार्म ओरडतोय." म्हटलं, बाहेर ये आधी, मग बोल. बाहेर आल्यावर विचारलं, आत काय चालू होतं? चहा. मोठं पातेलं, त्यात तळ्यावरचा बर्फ वितळायला टाकलेला, पातेलं बर्नरला अगदी टेकवून. ज्योत गोठलेल्या बुडाला आपटली की अर्धवट जळूनच विझते, आणि गॅस निळा दिसत असला तरी मोनॉक्साइड सुटत राहतो. बर्फ वितळवताना हे सगळ्यात जास्त होतं, कारण बूड तापतच नाही.

आता चहा तंबूच्या दाराबाहेर होतो. दोन घोटांत गार होतो म्हणून तिघंही मला शिव्या घालतात, असं भाचा सांगतो.